दोन वह्यांचा ताळमेळ : हौशी रेडिओ स्पर्धेतील नोंदींची संगणकीय तपासणी

रेडिओ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आकाशवाणी उभी राहते. एकाने बोलावे आणि हजारोंनी ऐकावे, असा तो एकतर्फी व्यवहार. परंतु दोघांनी परस्परांशी बोलण्याचाही रेडिओ असतो आणि तो सर्वसामान्य माणसाला आपल्या घरी चालवता येतो. त्याला हौशी रेडिओ किंवा 'हॅम रेडिओ' म्हणतात. भारतात त्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा लागतो. परवान्याबरोबर त्या व्यक्तीला स्वतःचे एक संकेतनाम मिळते. अक्षरे व अंक मिळून झालेले हे नाव जगात दुसऱ्या कोणाचे नसते. भारतातील संकेतनामे बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक हौशी रेडिओचालक होते.

हौशी रेडिओची समग्र माहिती देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. रेडिओचालकांच्या जागतिक स्पर्धा होतात, त्यांत प्रत्येक जण आपल्या संपर्कांची नोंदवही ठेवतो, आणि स्पर्धा संपल्यावर त्या साऱ्या वह्या संगणकाच्या साहाय्याने तपासल्या जातात. ही तपासणी कशी होते, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत. विषय दूरचा वाटेल. परंतु खरे काय व खोटे काय हे साक्षीपुराव्याने कसे ठरवावे, संशय कोणावर घ्यावा आणि दोष कोणाला द्यावा, हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या जीवनातला आहे. बँकेत ताळमेळाचे काम करता करता आम्हाला या विषयाची गोडी लागली. धम्मबंधू-भगिनी व विशेषतः विद्यार्थी मित्रांनी तो समजून घ्यावा, ही विनंती.

स्पर्धा कशी असते?

उदाहरणासाठी जगातील एक मोठी स्पर्धा घेऊ. 'सीक्यू वर्ल्ड वाइड' या नावाची ही स्पर्धा १९४८ साली सुरू झाली. ऑक्टोबर महिन्याच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी ती आवाजी बोलण्यावर होते आणि नोव्हेंबरच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्सच्या कडकट्टावर. दोन्ही वेळा ती सलग ४८ तास चालते. साऱ्या जगाने एकच घड्याळ पाळावे म्हणून वेळ 'यूटीसी' या जागतिक प्रमाणवेळेत लिहितात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्याने भारतात ही स्पर्धा शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते व सोमवारी पहाटे साडेपाचला संपते.

या काळात जास्तीत जास्त देशांतील जास्तीत जास्त लोकांशी संपर्क साधायचा असतो. प्रत्येक संपर्कात दोन गोष्टी सांगायच्या. एक, समोरच्याचा आवाज कसा ऐकू येतो त्याचा आकडा. आणि दुसरी, आपला विभाग. या स्पर्धेसाठी जगाचे ४० विभाग पाडले आहेत. भारत २२ व्या विभागात येतो, जर्मनी १४ व्या विभागात. आवाजाचा आकडा बहुतेक सगळे सगळ्यांना '५९' असाच देतात, तेव्हा तपासणीत त्याला फारसा अर्थ उरत नाही. खरी परीक्षा असते ती संकेतनामाची आणि विभागाची. शेकडो स्टेशने एकाच वेळी बोलत असतात, खरखर चालू असते, आवाज मधेच बुडतो. अशा गोंगाटात जे कानावर पडले ते काही क्षणांत अचूक लिहायचे आणि पुढच्या माणसाकडे वळायचे.

दुसऱ्या खंडातील स्टेशनाशी संपर्क झाला तर ३ गुण मिळतात. नवा देश किंवा नवा विभाग मिळाला की 'गुणक' वाढतो. शेवटी एकूण गुणांना एकूण गुणकांनी गुणायचे. समजा एकाचे ९०० गुण व १०० गुणक झाले. त्याची धावसंख्या ९०,०००. आता तपासणीत त्याचा एकच, पण दुर्मिळ बेटाशी झालेला संपर्क चुकीचा ठरला. ३ गुण गेले आणि १ गुणकही गेला. ८९७ गुणिले ९९ म्हणजे ८८,८०३. एका अक्षराच्या चुकीने १,१९७ गेले! दंड असेल तर तो वेगळाच. म्हणून ही तपासणी न्याय्य असणे किती आवश्यक आहे, हे वाचकांच्या लक्षात येईल.

कागदाचे दिवस

संगणक येण्यापूर्वी स्पर्धक कागदाच्या तक्त्यांवर नोंदी करीत व ते टपालाने पाठवीत. परीक्षक म्हणजे पदरमोड करून काम करणारे हौशी लोकच. ते डोळ्यांत तेल घालून एक वही दुसऱ्या वहीशी ताडून पाहत. पण असे किती ताडणार? समजा ५,००० स्पर्धकांनी प्रत्येकी ५०० संपर्क नोंदले. एकूण नोंदी झाल्या २५ लाख. एका नोंदीला एक मिनिट धरले आणि रोज आठ तास काम केले, तर एका माणसाला एक दिवसही रजा न घेता १४ वर्षे लागतील. त्यामुळे वरच्या क्रमांकाच्या वह्या तेवढ्या बारकाईने पाहायच्या आणि बाकीच्यांवर विश्वास टाकायचा, याला पर्याय नव्हता.

१९८० च्या दशकात स्पर्धक घरच्या संगणकावर नोंदी करू लागले. पुढे फ्लॉपी आली, ई-मेल आला. तरीही एक अडचण राहिली. प्रत्येकाच्या फाईलची मांडणी निराळी. कोणी वेळ आधी लिही, कोणी नाव आधी. सन २००० च्या सुमारास 'कॅब्रिलो' नावाची एक ठरीव मांडणी प्रचारात आली. तिच्यात एका ओळीत एक संपर्क असतो : वारंवारता, पद्धत, तारीख, वेळ, स्वतःचे संकेतनाम, आपण दिलेली माहिती, समोरच्याचे संकेतनाम आणि त्याने दिलेली माहिती. बँकेत व्हाउचरचा छापील नमुना एकच असला म्हणजे तपासणाऱ्याचे काम जसे सोपे होते, तसेच हे झाले. सगळ्यांच्या नोंदी एका साच्यात आल्या आणि संगणकाला त्या एकमेकींशी जुळवता येऊ लागल्या.

संगणक काय करतो?

या तपासणीचे मूळ तत्त्व अगदी सोपे आहे. संपर्क दोघांत होतो, म्हणून त्याची नोंद दोन वह्यांत असली पाहिजे. बँकेच्या एका शाखेने दुसऱ्या शाखेच्या नावे रक्कम टाकली, तर दुसऱ्या शाखेच्या पुस्तकात तिची जोडी सापडली पाहिजे, तसेच हे आहे.

मुदत संपली की आलेल्या सर्व फाईली संगणक एकत्र करतो आणि नोंदी संकेतनाम, पट्टा व वेळ यांनुसार लावून घेतो. शब्दकोशात शब्द अकारविल्हे असल्यामुळे तो चटकन सापडतो. त्याचप्रमाणे अशी मांडणी केल्यावर हवी ती नोंद क्षणात हाती लागते. मग एकेक नोंद घेऊन तो विचारतो : "या माणसाने लिहिले आहे की अमुक वेळी, अमुक पट्ट्यावर मी जर्मनीच्या त्या स्टेशनाशी बोललो. त्या स्टेशनाच्या वहीत या माणसाचे नाव, त्याच पट्ट्यावर, त्याच सुमारास आहे काय?" वेळेत थोड्या मिनिटांचा फरक चालतो, कारण सर्वांची घड्याळे काटेकोर जुळत नाहीत. एखाद्याच्या वहीतील सगळ्याच वेळा सारख्याच प्रमाणात पुढे किंवा मागे असतील, तर दोष घड्याळाचा आहे हेही ओळखता येते.

जोडी सापडली आणि दोन्हीकडची माहिती जुळली, म्हणजे संपर्क मान्य. जुळली नाही, की खरे काम सुरू होते. न जुळणाऱ्या नोंदींचे मुख्य प्रकार असे आहेत.

पहिला प्रकार दुबार नोंदीचा. एकाच पट्ट्यावर त्याच स्टेशनाशी दुसऱ्यांदा संपर्क झाला, तर त्याचे गुण मिळत नाहीत. यात लबाडी नसते, म्हणून सहसा दंडही नसतो.

दुसरा प्रकार चुकलेल्या माहितीचा. संकेतनाम बरोबर लिहिले, पण त्याने सांगितलेला विभाग किंवा अनुक्रमांक चुकीचा लिहिला. असा संपर्क बाद होतो.

तिसरा प्रकार चुकलेल्या संकेतनामाचा. मोर्समध्ये 'एच' म्हणजे चार टिंबे, 'एस' म्हणजे तीन आणि पाच हा अंक म्हणजे पाच टिंबे. 'बी' म्हणजे एक रेघ व तीन टिंबे, तर सहा हा अंक म्हणजे एक रेघ व चार टिंबे. घाईत एक टिंब निसटले की नाव बदलले. चूक शोधताना संगणक असे पाहतो : तुम्ही लिहिलेल्या स्टेशनाच्या वहीत तुम्ही नाही. पण त्याच मिनिटाला, त्याच पट्ट्यावर, एकाच अक्षराने वेगळ्या असलेल्या दुसऱ्या स्टेशनाच्या वहीत मात्र तुमचे नाव आहे, आणि त्याच्या नोंदीला तुमच्याकडे जोडी नाही. म्हणजे तुम्ही बोललात त्याच्याशी आणि नाव लिहिले भलत्याचे.

चौथा प्रकार 'वहीत नाही' हा. समोरच्या वहीत तुमचा मागमूसच नाही. तुम्हाला वाटले संपर्क झाला, त्याला तसे वाटले नाही. किंवा तो दुसऱ्याच कोणाला उत्तर देत होता आणि तुम्ही ते स्वतःला दिलेले समजलात. मोठ्या स्पर्धांत तिसऱ्या व चौथ्या प्रकारच्या चुकांसाठी संपर्क तर जातोच, शिवाय जास्तीचे गुण दंड म्हणून कापले जातात. हेतू हा, की ठोकताळ्याने लिहिण्यापेक्षा पुन्हा एकदा विचारून घेणे स्पर्धकाला फायद्याचे वाटावे.

दोष ज्याचा त्यालाच

येथे न्यायाचा एक नाजूक प्रश्न उभा राहतो. समजा तुम्ही समोरच्याचे नाव बिनचूक लिहिले, पण त्याने तुमचे नाव चुकवले. त्याच्या वहीत तुम्ही सापडणार नाही. मग शिक्षा कोणाला?

आम्ही नोकरीला लागलो त्या काळची एक गोष्ट सांगतो. शाखेचा ताळा २७ रुपयांनी जुळेना. आमच्या टेबलावरचे काम म्हणून आठवडाभर सर्वांनी आमच्याकडेच संशयाने पाहिले. निवृत्तीला आलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो आकडा ऐकला आणि म्हणाले, "सत्तावीसला नवाने भाग जातो. कोणीतरी दोन अंकांची अदलाबदल केली आहे, बघा." शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की पडणाऱ्या फरकाला नवाने नेहमी भाग जातो, हे आम्हाला तेव्हा प्रथम कळले. शोधता शोधता सापडले : दुसऱ्या एका शाखेने २,७६३ च्या जागी २,७३६ लिहिले होते. आमचा आकडा बरोबर होता. परंतु चूक नेमकी कोठे झाली हे दाखवता येईपर्यंत आमच्या खरेपणाला कोणी विचारले नाही.

चांगली तपासणी हा अन्याय टाळते. तुमची नोंद समोरच्या वहीत सापडली नाही, तर संगणक लगेच तुम्हाला दोषी ठरवत नाही. समोरच्या वहीत त्या वेळी तुमच्या नावासारखे दिसणारे, एखाद्या अक्षराने बिघडलेले नाव आहे का, हे तो आधी पाहतो. असेल तर चूक लिहिणाऱ्याची. गुण त्याचे जातात आणि तुमचा संपर्क मान्य होतो.

याहून अवघड असते ते 'एकमेव' नाव. एखादे संकेतनाम सगळ्या वह्यांत मिळून एकाच माणसाच्या वहीत आढळते. ते चुकीचे ऐकलेले असू शकेल. किंवा एखादा नवशिका हौशी त्या दिवशी पाच मिनिटे रेडिओसमोर बसला, एकाशीच बोलला आणि उठून गेला, असेही असेल. म्हणून केवळ नाव एकमेव आहे एवढ्यावरून ते बाद करणे न्याय्य नव्हे. मात्र एखाद्याच्या वहीत अशी नावे इतरांच्या मानाने फारच जास्त असतील, तर परीक्षक ती वही हातात घेतात. मोठ्या स्पर्धांत पट्ट्यांचे ध्वनिमुद्रणही केलेले असते. ते ऐकून त्या क्षणी प्रत्यक्ष काय बोलले गेले ते पाहता येते. तात्पर्य, यंत्र संशयाच्या जागा दाखवते आणि निर्णय माणूस विचारपूर्वक देतो. संशय आला म्हणजे दोष सिद्ध झाला असे नाही.

तपासणी पूर्ण झाल्यावर प्रत्येक स्पर्धकाला त्याचा अहवाल मिळतो. कोणता संपर्क का गेला, तुम्ही काय लिहिले व काय असायला हवे होते, हे त्यात ओळीने दिलेले असते. काही स्पर्धांत तर सर्वांच्या वह्या सर्वांना पाहण्यासाठी खुल्या ठेवतात. शिक्षा सांगायची आणि कारण सांगायचे नाही, असा कारभार तेथे नाही.

ऐकले ते लिहावे

आता लबाडीचा आणि तिच्याहून सूक्ष्म असलेल्या आळसाचा विचार करू.

नोंदी करण्याच्या प्रोग्रॅममध्ये हजारो ओळखीच्या संकेतनामांची यादी भरलेली असते. दोन-तीन अक्षरे टाइप केली की तो संभाव्य नावे दाखवतो. इतकेच नव्हे, तर नावावरून विभागही आपण होऊन भरून ठेवतो. ही सोय आहे, पण तिच्यात सापळाही आहे. अमेरिकेत पूर्वी संकेतनामातील अंकावरून माणूस कोणत्या भागात राहतो ते कळे. आता माणूस घर बदलतो तरी नाव तेच ठेवू शकतो. त्यामुळे यादी म्हणते ५ आणि माणूस सांगत असतो ३. ज्याने कान देऊन ऐकले त्याचा संपर्क टिकतो. ज्याने यादीवर विसंबून पुढे पाऊल टाकले त्याचा जातो.

तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपण विहारात अनेकदा ऐकतो. एखादी गोष्ट परंपरेने चालत आली, ग्रंथात लिहिलेली आहे किंवा थोरांनी सांगितली, एवढ्यावरून ती स्वीकारू नये, स्वतः पारखून घ्यावी, असा त्याचा आशय आहे. संगणकाने भरलेला आकडा हीसुद्धा आजच्या काळातील एक ऐकीव गोष्टच आहे, असे आम्हाला वाटते.

मुख्य स्पर्धांचा आणखी एक कडक नियम आहे. स्पर्धा संपली की लेखणी खाली. त्यानंतर याद्या पाहून, ध्वनिमुद्रण ऐकून किंवा कोणाला पत्र लिहून वहीतील नावे दुरुस्त करायची नाहीत. एखाद्याला वाटेल, चूक सुधारण्यात वाईट ते काय? परंतु वही ही त्या क्षणी तुम्ही काय ऐकले त्याची साक्ष आहे. मागाहून खरे नाव शोधून लिहिले, तर नाव खरे होते आणि साक्ष खोटी होते. कारण जे आपण ऐकले नाही ते ऐकले असे आपण सांगतो. पंचशीलातील चौथे शील आपण तोंडाने रोज म्हणतो. त्याची व्याप्ती किती बारीक आहे, हे या एका नियमावरून कळते. येथे आपल्यावर लक्ष ठेवायला कोणी नसते. खोलीत रेडिओ, वही आणि आपण.

ज्याला काही मिळवायचे नाही त्याची वही

या तपासणीतील एक प्रथा आम्हाला सर्वांत मोलाची वाटली. पुष्कळ लोक स्पर्धेत क्रमांकासाठी उतरत नाहीत. तासभर बसतात, वीस-पंचवीस जणांशी बोलतात. त्यांनीही आपली वही पाठवावी, असे आवाहन केले जाते. तिला 'चेकलॉग' म्हणतात. ती फक्त पडताळणीसाठी असते. पाठवणाऱ्याला गुण नाहीत, प्रमाणपत्र नाही, निकालाच्या क्रमवारीत जागा नाही.

मग पाठवायची कशाला? त्याच्याशी बोललेल्या वीस-पंचवीस अनोळखी माणसांच्या नोंदींना जोडी मिळावी, त्यांचे खरेपण सिद्ध व्हावे म्हणून. जितक्या जास्त वह्या जमतात तितका निकाल न्याय्य होतो. ज्यात आपला लाभ नाही तेथे दुसऱ्याच्या खरेपणाची साक्ष द्यायला पुढे येणे, हे दानच आहे. आपल्या वस्तीत, कचेरीत, शाळेत एखाद्यावर खोटा आळ येतो. घडलेले पाहणारे चार जण असतात आणि ते गप्प बसतात, कारण त्यात त्यांचे काही जात-येत नसते. त्यांची वही त्यांच्याच कपाटात राहते.

याचा उपयोग काय?

काही विद्यार्थी विचारतील, मोबाईलच्या या काळात हे सारे कशासाठी? डिसेंबर २००४ मध्ये भारतीय हौशी रेडिओचालकांचे एक पथक जगभर संपर्क साधण्याच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअर येथे गेले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि अंदमानचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला. त्या पथकाने आपली मोहीम थांबवून आपद्ग्रस्तांचे निरोप बाहेर पोहोचवण्याचे काम हाती घेतले. सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपानंतरही हौशी रेडिओचालक मदतीला धावले होते. अशा वेळी निरोपातील नाव चुकले, गाव चुकले किंवा रक्तगट चुकला, तर त्याची किंमत गुणांत मोजता येत नाही. अचूक ऐकण्याची व लिहिण्याची सवय संकटाच्या दिवशी एकाएकी येत नसते. ती आधी सरावाने अंगी बाणवावी लागते, आणि स्पर्धा हा तो सराव आहे.

विद्यार्थी मित्रांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. विहारात दहा-बारा जण जमा. एकाने गावांची नावे व चार-चार अंकी आकडे असे वीस निरोप वाचावेत. मागे थोडा गलबला असू द्यावा. बाकीच्यांनी जे ऐकू आले तेच लिहावे, आणि ऐकू आले नाही तेथे जागा कोरी सोडावी. नंतर वह्या अदलून तपासाव्यात. कोणाचे बरोबर आले याबरोबरच कोणी कोऱ्या जागा प्रामाणिकपणे कोऱ्या ठेवल्या, तेही पाहावे. आमच्या मते दुसरा गुण पहिल्याहून कमी नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षणाचा मार्ग दाखवला. शिक्षण म्हणजे केवळ पदवी नव्हे. जे पाहिले, ऐकले, मोजले ते जसेच्या तसे मांडण्याची शिस्त, हेही शिक्षणच आहे. आमची वही दुसऱ्याच्या वहीशी जुळेल की नाही, हे सर्वस्वी आमच्या हाती नसते. समोरचाही चुकू शकतो. परंतु आमच्या वहीत आम्ही ऐकले तेच लिहिलेले असावे, एवढे मात्र आमच्या हाती आहे. आणि दुसऱ्याला गरज पडेल त्या दिवशी ती वही कपाटातून बाहेर काढणे, हेही आमच्याच हाती आहे.

जय भीम!